‘जुन्या व विधवा’

हलिमाबी होडेकरवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नव्या मासळी बाजाराच्या दारात बर्फाची गाडी रिकामी होत होती त्या वेळी. इतकं नेमकं लिहायची खोड मला पत्रकांनी लावली. ‘अनेक महिलांवर अन्याय’ असं छापलं की वाचणारा मान हलवतो आणि त्याच कागदात भजी बांधून नेतो. बाईचं नाव घातलं, वेळ घातली, की त्याला निदान शरम वाटते. म्हणून नाव आधी.

त्या सकाळी बाजाराच्या दारावरच्या स्क्रीनवर हलिमाबीचं नाव आलं आणि नावापुढे लाल अक्षरांत ‘अपात्र’ आलं.

मी तिथे मासे घ्यायला गेले नव्हते. स्क्रीन नीट चालतोय ना, हे बघायला मला ऑफिसने पाठवलं होतं. मी रत्नागिरीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सकाळी नव्याने लागलेल्या मुलामुलींची बॅच घेते, त्यांना प्रोग्रॅमिंगची बाराखडी शिकवते. दुपारी सपोर्ट, म्हणजे आमच्याच प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं की क्लायंटचा फोन घेणं. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते, ती अजून सुटलेली नाहीत. बाजाराचा प्रोग्रॅम आमच्या कंपनीने केला होता. मी केलेला नव्हता, पण त्यावर आमच्या कंपनीचं नाव होतं.

हलिमाबीने मला लगेच ओळखलं. माझी आई बांगडे तिच्याशिवाय कोणाकडून घेत नाही.

“काय गो बाय, ही मशीन तुमची काय?”

“हो मावशी.”

“मग तिला विचार, मना शिवी कशाला दिलीन?”

“शिवी नाही ती. अपात्र म्हणजे तुम्हाला ओटा मिळाला नाही.”

तिने डोक्यावरची पाटी उतरवली. “पत्र्याचा बाजार व्हता तवापासून मी हितं बसतंय. माजी सासू बसायची तितंच. मना नाय तर कोनाला देतंव ओटा? पापलेटाला?”

शेजारी सुमतीकाकू उभी होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघी जुन्या बाजारात पाठीला पाठ लावून बसायच्या, एकीच्या सुऱ्यावर दुसरी सुरमई कापायची. सुमतीकाकूच्या नावापुढे हिरवं ‘पात्र’ होतं. ती खूश व्हायचं सोडून ओशाळली. “मशीन चुकलंय,” ती हळूच म्हणाली. “मला मिळालं नि हिला नाही, असं कसं होईल?”

मशीन चुकलं नव्हतं. मशीन सांगितलं तेच करत होतं. हेच मला आज तुम्हाला समजावून सांगायचं आहे. त्यासाठी थोडं शिकावं लागेल. कंटाळा करू नका. कंटाळा केला म्हणूनच हे सगळं झालं.

आधी बाजाराचं सांगते. जुना पत्र्याचा बाजार पाडून नवा बांधला. बांधणाऱ्या समितीचं नाव इथे लिहीत नाही, रत्नागिरीत कोणालाही विचारा. नव्या बाजारात टाइल लावलेले ओटे, प्रत्येकाला नळ, वर पंखा. ओटा म्हणजे मासे मांडून विकायला बसायचा कट्टा. ओटे कमी आणि मागणाऱ्या जास्त, त्यात मोठे व्यापारीही अर्ज घेऊन आले. म्हणून समितीने सभेत ठराव केला. अर्धे ओटे सोडतीने द्यायचे, अर्धे राखून ठेवायचे. राखीव ओट्यांसाठी ठरावातलं वाक्य असं: ‘जुन्या व विधवा मासेविक्रेत्या महिलांना प्राधान्य देण्यात यावे.’

वाचलंत? आता सांगा, यात कोण बसतं?

तुम्ही म्हणाल, जुन्या विक्रेत्या बसतात आणि विधवाही बसतात. सभेला हजर असलेली प्रत्येक बाई हेच समजून घरी गेली. ठराव मांडणाऱ्यालाही हेच म्हणायचं होतं. आपली भाषा अशीच बोलते. ‘वृद्ध व अपंगांसाठी राखीव’ अशी पाटी एसटीत वाचून कोणी म्हातारा स्वतःचा पाय मोडून घेत नाही.

त्या दुपारी ऑफिसात येऊन मी प्रोग्रॅमची ती ओळ उघडली. तिथे लिहिलं होतं:

पात्र = जुनी && विधवा

या ओळीत दोन चिन्हं आहेत. अशा चिन्हांना ऑपरेटर म्हणतात. तुम्ही शाळेत शिकलेले अधिक, उणे, गुणिले हेही ऑपरेटरच. ते आकड्यांवर काम करतात. दुसरे तुलना करतात, हे त्याहून मोठं आहे का, हे दोन सारखे आहेत का. तिसरे असतात ते खऱ्या-खोट्यावर काम करतात. त्यांना लॉजिकल ऑपरेटर म्हणतात. ते फक्त तीन आहेत आणि बॅचमधली पोरं त्यांना सगळ्यात सोपे समजतात. && म्हणजे अँड. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच उत्तर खरं. || म्हणजे ऑर. दोन्हींपैकी एक जरी खरी असली तरी उत्तर खरं. ! म्हणजे नॉट. खऱ्याचं खोटं, खोट्याचं खरं.

ओळीतलं पहिलं चिन्ह, ते =, नुसतं उत्तर ‘पात्र’ नावाच्या डब्यात ठेवतं. दुसरं चिन्ह हलिमाबीला मारून गेलं.

बॅचला मी हे आंब्यावरून शिकवते. बागवाला गड्याला सांगतो, “हापूस आणि पायरी इकडे टाक.” गडी असा आंबा शोधत बसत नाही की जो हापूसही आहे आणि पायरीही आहे. तो दोन्ही जातीचे टाकतो. इथे बागवाल्याच्या तोंडी ‘आणि’ आहे, पण काम ‘किंवा’चं आहे. प्रोग्रॅममध्ये इथे || लिहायचं. तोच बागवाला पुढे म्हणतो, “तयार आणि डाग नसलेला पेटीत भर.” इथे दोन्ही हवं. तयार असून डागाळलेला चालत नाही. इथे &&. शब्द एकच, कामं दोन. माणसाला फरक सांगावा लागत नाही, कारण माणसाने आंबा पाहिलेला असतो.

ओंकारने ओटा पाहिलेला नव्हता. ती ओळ त्याने लिहिली होती. हुशार मुलगा, मनाने साफ, वर्षभरापूर्वी आमच्याकडे लागलेला.

“ओंकार, ही कंडिशन बघ.”

“काय झालं ताई? ‘व’ म्हणजे अँड. पहिली-दुसरीतलं मराठी आहे.”

“जुनी असून विधवा नसलेली बाई कुठे जाते?”

“अपात्र.”

“विधवा असून नव्याने धंदा सुरू केलेली?”

त्याने ओळ पुन्हा वाचली. “तीही अपात्र.” मग स्क्रीनकडे बघत म्हणाला, “पण टेस्टिंगमध्ये पास झालं होतं.”

टेस्टिंग म्हणजे प्रोग्रॅम क्लायंटला देण्याआधी खोट्या नावांवर चालवून बघायचा. मी ती खोटी नावं पाहिली. एक बाई जुनी आणि विधवा. तिला ‘पात्र’ आलं, बरोबर. दुसरी नवी आणि नवरा असलेली. तिला ‘अपात्र’ आलं, हेही बरोबर. पण दोन अटी असल्या की बायका चार तऱ्हेच्या होतात. जुनी विधवा, जुनी नवरेवाली, नवी विधवा, नवी नवरेवाली. टोकाच्या दोघींना तपासलं की अँड लिहा नाहीतर ऑर लिहा, उत्तर तेच येतं. फरक मधल्या दोघींत पडतो. मधल्या दोघींना कोणी विचारलंच नाही. मधल्यांना कोण विचारतं?

मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक.

“सर, बाजाराच्या प्रोग्रॅममध्ये अँडच्या जागी ऑर हवा.”

“क्लायंटने रूल सही करून दिलाय?”

“रूल मराठीत दिलाय. आपण तो चुकीचा वाचलाय.”

“मग क्लायंटला तसं लिहून द्यायला सांग. चेंज रिक्वेस्ट येऊ दे. आपण आपल्या मनाने बदललं आणि उद्या कोणी कोर्टात गेलं तर?”

“सर, दोन चिन्हं पुसून दोन चिन्हं लिहायची आहेत.”

“आत्ता कळलं ना, किती डेंजर आहे ते?” सर म्हणाले आणि फोनला लागले.

समितीच्या सचिवांकडे गेले. त्यांच्या टेबलावर ठराव होता. मी वाक्यावर बोट ठेवलं.

“साहेब, इथे तुम्हाला दोन्ही प्रकारच्या बायका म्हणायच्या होत्या ना?”

“मला काय म्हणायचं होतं हा प्रश्नच नाही मॅडम. निर्णय कॉम्प्युटरने दिलाय. म्हणून तर कॉम्प्युटर आणला. माणसाने दिला असता तर म्हणाला असतात, वशिला झाला.”

“कॉम्प्युटरला ‘व’ कळत नाही. आमच्या पोराने अर्थ लावला तोच तो वापरतो.”

“मग तुमच्या पोराला विचारा.”

“पोर म्हणतं, तुम्हाला विचारा.”

ते हसले. “ठरावातल्या शब्दाचा अर्थ लावायचा अधिकार सभेला. सभा दिवाळीनंतर.” मग सहानुभूतीने म्हणाले, “त्या बाई विधवा नाहीत ना? मग देवाचे आभार मानायला सांगा त्यांना.”

या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. साहेब, आभार मानून मासे विकता येत नाहीत.

तुम्हाला वाटेल, इतक्या जुन्या बायका वगळल्या गेल्या तर बाजार पेटला कसा नाही? कारण बऱ्याच बायकांना सोडतीत ओटे लागले; हलिमाबीला तिथेही लागला नाही. ज्यांना लागले त्या गप्प बसल्या. ज्यांना नाही लागले त्यांनी नशिबाला बोल लावला. आणि राखीव ओटे? त्या ‘अँड’मधून इतक्या थोड्या बायका आत आल्या की राखीव ओट्यांची अख्खी रांग रिकामी राहिली. बाजाराचा झाडूवाला रोज सकाळी ते रिकामे ओटे पाणी मारून धुवायचा. त्यांच्यावरचे पंखेसुद्धा फिरायचे. आणि हलिमाबी गेटच्या बाहेर गटाराच्या कडेला पाटी मांडून बसायची. वॉचमन आला की पाटी उचलायची, तो गेला की पुन्हा ठेवायची.

एका रविवारी मी तिच्या घरी गेले. खाडीकाठचा मोहल्ला. दारात जाळी वाळत टाकलेली, पण शेजाऱ्यांची. यांच्या घरातलं जाळं केव्हाच विकलं होतं. तिचा नवरा इब्राहिमचाचा तांडेल होता, म्हणजे होडीचा प्रमुख. जयगडपासून पूर्णगडपर्यंत कुठल्या खडकावर पाणी कसं फुटतं ते त्याला पाठ होतं. लकव्याने उजवी बाजू गेली आणि तो पडवीतल्या खाटेवर आला. डॉक्टर, औषध, गवळी, सगळं हलिमाबीच्या पाटीवर.

मी तिला ओळ समजावली. चिन्हं नाही सांगितली. इतकंच सांगितलं, की मशीनला जुनी बाई हवी आहे आणि तीच विधवाही हवी आहे.

तिने ऐकून घेतलं. मग खाटेकडे वळून म्हणाली, “ऐकलंस काय? तू हायस म्हणून माजा ओटा गेला.”

इब्राहिमचाचाचं अर्धं तोंड हसलं. त्याला बोलायला वेळ लागायचा. “मग... मरतंय. घे... ओटा.”

“मेल्या, आजवर माजं एक काम वेळंवर केलंस काय? मरशील तो पन सोडत झाल्यावर.”

ती हसली, तो हसला, मीही हसले. मग ती उठली, त्याच्या तोंडाला आलेली लाळ पदराने पुसली आणि त्याला कुशीवर वळवलं. “नाय गो बाय,” मला म्हणाली. “हा हाय म्हणून मी सकाळची उठतंय. मशीनला सांग, मना दोनी पायजेत. घो पन नि ओटा पन.”

मी नुसती मान हलवली.

त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. मथळा: ‘नवरा जिवंत असणे हा गुन्हा आहे काय?’ सुमतीकाकूने ते स्वतःच्या ओट्यावर मासे बांधायच्या कागदांत मिसळलं, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी गेलं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पत्रकावर सुरमईचं रक्त होतं.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“क्लायंटविरुद्ध?”

“क्लायंटविरुद्ध नाही सर. एका ऑपरेटरविरुद्ध.”

“पुन्हा लिहिलंस तर घरी बसशील,” सर म्हणाले. मग खालच्या आवाजात, “माझी बायकोही तिच्याकडूनच कोळंबी घ्यायची.” पण चेंज रिक्वेस्ट आल्याशिवाय ओळीला हात लावायचा नाही, हे त्यांनी पुन्हा बजावलं. रिक्वेस्ट सभेशिवाय येणार नव्हती. सभा दिवाळीशिवाय होणार नव्हती.

दिवाळीच्या दीडएक महिना आधी इब्राहिमचाचा गेला. दुसरा झटका आला. हलिमाबी गेटबाहेर बसली होती. शेजारचा पोरगा धावत बोलवायला आला तेव्हा ती गिऱ्हाइकाची मांदेली साफ करत होती. पोचेपर्यंत संपलं होतं. माशाचे हात धुवायलाही सवड मिळाली नाही, असं ती नंतर सारखं म्हणत राहिली.

पुढचं जे झालं ते कोणी वाईट बुद्धीने केलं नाही. म्हणूनच ते मला जास्त छळतं. सुमतीकाकू कळवळून बाजाराच्या खिडकीवर गेली आणि तिथल्या क्लार्कला म्हणाली, “हलिमाचा नवरा गेला हो. आता तरी तिचं बघा.” क्लार्क भला माणूस. त्याने हलिमाबीचं नाव काढलं, ‘विधवा’ या शब्दापुढच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि बटण दाबलं. प्रोग्रॅमने ओळ पुन्हा चालवली. जुनी, खरं. विधवा, खरं. खरं && खरं, म्हणजे खरं.

मेसेज जियारतीच्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी. घरात बायका कुराण वाचत होत्या. हलिमाबीची लेक रुबीना मला मोबाइल घेऊन पडवीत भेटली. ती रडत नव्हती. तिने स्क्रीन माझ्यासमोर धरला.

‘अभिनंदन! आपण राखीव ओट्यासाठी पात्र ठरला आहात. महिनाभरात स्वतः उपस्थित राहून ताबा घ्यावा, अन्यथा हक्क रद्द समजण्यात येईल.’

“अम्माला वाचून दाखवलंस?” मी विचारलं.

“तिनेच पहिलं वाचून घेतलंन. ‘अभिनंदन’ म्हंजे इलेक्शनच्या बॅनरवर असतं तंच ना, असं विचारलंन. मी हो म्हटलं. मग मोबाइल उलटा करून ठेवलान.”

ते ‘अभिनंदन’ही आमच्याच ऑफिसात टाइप झालं होतं. आमच्याकडे सगळ्या पात्रांना एकच मेसेज जातो.

आता दुसरी गाठ. हलिमाबी इद्दतीत बसली होती. नवरा गेलेली बाई चार महिने दहा दिवस घर सोडत नाही. कोणी म्हणतं, अडचण असेल तर दिवसा बाहेर पडता येतं. मोहल्ल्यातले जाणते तसं म्हणालेही. रुबीनाने आईला सांगितलं, मीही सांगितलं. ती आतल्या खोलीत, भिंतीला टेकून, पांढरी ओढणी घेऊन बसली होती.

“मावशी, फक्त अंगठा द्यायचा आहे. रिक्षा दारात आणते. अर्ध्या तासाचं काम.”

“कसला अंगठा?”

“ओट्याचा ताबा.”

ती माझ्याकडे बघत म्हणाली, “तो माज्या ओट्यासाटी मेला नाय गो.”

मी तिच्याजवळ खाली बसले.

“मी तितं जाऊन बसनार, गिऱ्हाईक इचारनार, काय हलिमाबी, मिळाला काय ओटा? नि मी काय सांगू? मस्करी केली व्हती मी. त्याच्या तोंडावर केली व्हती.” तिने ओढणी डोळ्यांवर ओढली. “माजे दिवस मना घालवू दे. त्याच्यासाटी बसलंय, तितकं तरी मशीनसाटी मागू नको.”

मी सचिवांकडे गेले. म्हटलं, तिच्या वतीने लेकीला ताबा द्या, नाहीतर मुदत वाढवा.

“‘स्वतः’ म्हणजे स्वतः, मॅडम. इथे तरी दोन अर्थ नाहीत ना?”

“साहेब, बाई इद्दतीत आहे.”

“मला आदर आहे. पण सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही.”

हे मात्र खरं होतं. नव्हता. आम्ही केला नव्हता. ज्या बायकांसाठी प्रोग्रॅम लिहिला त्यांतल्या कितीतरी खाडीकाठच्या मोहल्ल्यांतल्या, आणि इद्दत हा शब्द आमच्या ऑफिसात एकदाही उच्चारला गेला नव्हता. ठरावच विधवांना ओटे देण्याचा होता, आणि विधवा झाल्यावर बाई काय करते हे कोणी विचारलं नाही.

मुदत संपली. प्रोग्रॅमने आपणहून तिच्या नावावर ‘रद्द’ मारलं.

मग दिवाळी झाली, सभा झाली. पत्रक सभेत वाचलं गेलं. सगळ्यांनी माना हलवल्या, ‘व’चा अर्थ ‘किंवा’ असा एकमताने ठरला. चहा झाला. चेंज रिक्वेस्ट आली, तिच्या शेवटी ‘रद्द झालेले हक्क वगळून’ असं जोडलेलं होतं. ओंकारने माझ्याशेजारी बसून ओळ बदलली. आता ती अशी आहे:

पात्र = (जुनी || विधवा) && !रद्द

टेस्टिंगला या वेळी मी बसले. चारही तऱ्हेच्या बायका घातल्या, चारही उत्तरं बरोबर आली. जुन्या बायका आत आल्या. रिकामी रांग जवळजवळ भरली. स्क्रीनवर हिरवं हिरवं झालं, सचिवांनी फोटो काढून घेतले.

मग मी हलिमाबीचं नाव घातलं. जुनी, खरं. विधवा, आता तेही खरं. ऑर म्हणतो, एक पुरे, हिच्याकडे तर दोन्ही आहेत. पण पुढे अँड आहे, आणि त्याच्यापुढे ते उद्गारचिन्ह, म्हणजे नॉट. रद्द खरं आहे. नॉट त्याचं खोटं करतो. एक खोटं आलं की अँड सगळंच खोटं करतो.

अपात्र.

ओंकार म्हणाला, “ताई, मी तिचं ‘रद्द’ मागच्या दाराने पुसू?”

“नको,” मी म्हटलं. “मग सचिव म्हणतील, वशिला झाला. समोरच्या दाराने पुसलं पाहिजे.”

इद्दत संपली तसा तिचा अर्ज मी स्वतः नेला. उत्तर आलं, रद्द झालेल्या हक्काबाबत फेरविचाराची तरतूद नाही. तिच्या सासूच्या जागेवर जो ओटा आला, तो आता दुसऱ्या एका जुन्या बाईकडे आहे. तीही गरीब आहे. तिच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच रांगेच्या टोकाला एक ओटा अजून रिकामा आहे. त्याच्यावरचा पंखा अजून फिरतो.

हलिमाबी पुन्हा गेटबाहेर बसते. पाटी पहिल्यापेक्षा लहान आहे. मस्करी करत नाही. आईने बांगडे घेतले की जास्तीचा एक टाकायची, तो अजून टाकते, पण वर बघत नाही. परवा नव्या बॅचला मी लॉजिकल ऑपरेटर शिकवत होते. हापूस-पायरीचं उदाहरण दिलं. एका मुलीने विचारलं, “ताई, चुकून ऑरच्या जागी अँड लिहिलं तर काय होतं? एरर येते का?”

येत नाही. ऑपरेटरची चूक एरर देत नाही, हाच धंद्यातला धडा आहे. प्रोग्रॅम थांबत नाही, लाल रेघ येत नाही, घंटा वाजत नाही. तो गुमान उत्तर देत राहतो, आणि उत्तर ज्याला चुकीचं मिळतं त्याला वाटतं, आपणच चुकीचे.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही नियम लिहिणारे असाल तर ‘व’ लिहू नका. ‘किंवा’ म्हणायचं असेल तर ‘किंवा’ लिहा, शाई संपत नाही. प्रोग्रॅम लिहिणारे असाल तर मधल्या बायकांना तपासल्याशिवाय देऊ नका.

आणि यातलं काहीच नसाल, नुसते मासे खाणारे असाल, तर मागणी तुमच्याकडेच आहे. या आठवड्यात बाजारात जाल तेव्हा पापलेटचा भाव विचारण्याआधी डाव्या हाताच्या खिडकीवर जा. म्हणा, हलिमाबी होडेकर यांच्या नावावरचं ‘रद्द’ काढा आणि टोकाचा ओटा त्यांना द्या. क्लार्क म्हणेल, कॉम्प्युटर ऐकत नाही. त्याला म्हणा, कॉम्प्युटरला कोणी विचारलं नाही, ती ओळ मला वाचून दाखव. ओळ आता तुम्हाला येते. ‘रद्द’ निघेपर्यंत खिडकी सोडू नका.